कीड गावाची, फवारणी एकट्याची

कुंभकोणमच्या आसपास जानेवारी-फेब्रुवारीत सांबा भाताची कापणी उरकते. कावेरी आणि तिची शाखा अरसलार यांच्या काठच्या गाळाच्या रानात तेव्हा ओल अजून टिकून असते. पूर्वापार तिथे कापणीआधीच उभ्या भातात उडीद-मूग फेकत आणि त्या ओलीवर एक पीक काढत. आता अनेक शेतकरी त्याच धसकटांत सरकी टोबतात. साडेचार-पाच महिन्यांत हा कापूस वेचून होतो आणि कुंभकोणमच्या बाजार समितीत त्याचा लिलाव होतो. त्यासाठी कमी दिवसांचे वाण मुद्दाम तयार केले गेले. एमसीयू 7, श्रीविल्लीपुत्तूरचा एसव्हीपीआर 3 आणि अलीकडचा कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाचा सीओ 17, हे सगळे ‘भातामागचा कापूस’ डोळ्यांसमोर ठेवून निवडलेले वाण आहेत.

या क्रमातली एक गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाने नीट पाहण्यासारखी आहे. ऑगस्ट संपता संपता कापूस रानातून निघालाच पाहिजे, कारण मेट्टूरच्या धरणाचे पाणी कालव्यांतून उतरले की रान पुन्हा भाताचे. एकाने म्हटले, माझी चार बोंडे अजून हिरवी आहेत, मी थांबतो, तर पाणी थांबत नाही. शेजारचे सगळे रान चिखलणीला लागते, त्याचेही लागते. पुढचे पाच-सहा महिने त्या जमिनीत कापसाचे झाड नाही, बोंड नाही आणि बोंडात राहणाऱ्या अळीला घर नाही. तिथल्या शेतकऱ्याने हे काही अळीवर डोळा ठेवून केलेले नाही. पाण्याने त्याच्याकडून ते करवून घेतले आहे. आपल्याकडे असा हुकूम देणारे पाणी नाही. तो हुकूम आपला आपणच, आणि सगळ्यांनी मिळून, द्यायचा आहे. गेली पंधरा वर्षे आपण नेमके हेच टाळत आलो.

गुलाबी बोंडअळीचे वागणे समजून घेतले तर मी हे इतक्या आग्रहाने का म्हणतो ते कळेल. ही अळी परदेशातून आलेली नाही. 1840 च्या दशकात भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरूनच तिची शास्त्रीय नोंद झाली. तिची मादी पात्या, फुले आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. फुलात शिरलेली अळी पाकळ्या आतून विणून टाकते, त्या उमलत नाहीत. तीच डोमकळी, आणि ती दिसली की धोक्याची पहिली खूण मिळाली. बोंडात शिरलेली अळी त्याहून वाईट, कारण ती आत गेल्यावर भोक बुजते. बाहेरून बोंड हिरवेगार, निरोगी दिसते आणि आत सरकी खाल्ली जात असते. या अवस्थेत कितीही महाग औषध मारा, ते बोंडाच्या सालीवर राहते आणि अळी आत सुरक्षित असते. फवारणारा मात्र त्या औषधाच्या धुक्यात उभा असतो.

हंगाम सरत आला, थंडी पडली की हीच अळी सुप्तावस्थेत जाते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत ती झोपते. वेचणीनंतर झाडावर राहिलेली किडकी बोंडे, बांधावर सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), जिनिंगच्या आवारातली सरकी आणि कचरा, हे तिचे मुक्काम. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी पतंग बाहेर पडतात आणि पात्या शोधू लागतात. भेंडी-अंबाडीसारखी दोन-चार आडवाटेची झाडे सोडली तर ती कापसावरच जगते. म्हणजे डिसेंबरअखेर रान मोकळे केले, पऱ्हाटी नष्ट केली आणि जूनआधी कुणी कापूस लावला नाही, तर निघालेल्या पतंगांना अंडी घालायला जागाच मिळत नाही. या किडीचे सर्वात दुबळे ठिकाण ते हेच. पण ते तेव्हाच दुबळे, जेव्हा शिवारातले सगळे शेतकरी एकत्र रान मोकळे करतात. दहा जणांनी डिसेंबरात पऱ्हाटी उपटली आणि अकराव्याने ओलिताच्या जोरावर मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचून झालेल्या झाडांवरचे पुढचे पीक, ठेवली, तर त्या दहा जणांचे कष्ट अकराव्याच्या शेतातले पतंग पुसून टाकतात. पतंग बांध मोजत नाही.

हे ज्ञान नवे असते तर आपल्याला काही सबब होती. मद्रास प्रांताने 1919 साली शेतीवरील किडी व रोगांसाठी स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारा तो देशातला पहिला प्रांत. त्याच कायद्याखाली कोईमतूरकडच्या भागात कंबोडिया कापसाच्या काड्या 1 ऑगस्टपूर्वी उपटण्याचे बंधन घातले गेले. खोडातला सोंडा आणि बोंडअळ्या एका हंगामातून दुसऱ्या हंगामात जाऊ नयेत, एवढा साधा हेतू. तेव्हा अळीला मारणारे विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस नव्हता, नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे नव्हते. झाड उभे राहिले तर कीड उभी राहते, आणि एका शेतातली कीड ही दुसऱ्या शेतकऱ्याचे नुकसान असते, म्हणून ती खासगी बाब नाही, एवढे मात्र त्या काळच्या कीटकशास्त्रज्ञांनी ओळखले होते. तो कायदा परक्या सरकारचा होता आणि दंडाच्या धाकाने चालायचा, हे खरे. आपल्याला तो धाक नको. त्यामागचे तत्त्व मात्र हवे.

आपण काय केले? 26 मार्च 2002 रोजी देशात बीटी कापसाला मंजुरी मिळाली. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या, तो लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण शास्त्रज्ञांनी पहिल्या दिवसापासून एक अट सांगितली होती: बीटीभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावा, म्हणजे विषाला न सरावलेले पतंग तिथे वाढतील, सरावलेल्यांशी त्यांचा संकर होईल आणि अळीत प्रतिकारशक्ती रुजायला वेळ लागेल. 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅमचे बिगर-बीटी पाकीट त्यासाठीच असायचे. ते किती शेतांत पेरले गेले? गावोगावी ती पाकिटे बांधावर फेकलेली लोकांनी पाहिली आहेत. 2010 मध्ये गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचे जाहीर झाले. पाच वर्षांच्या आत तिने दुसऱ्या पिढीचे, दोन जनुकांचे बीटीही पचवले. 2017 च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची पूर्ण किंमत मोजली.

तरी सगळा दोष शेतकऱ्याच्या पदरात टाकणारे लोक मला मान्य नाहीत. पाच एकरांच्या कोरडवाहू मालकाला कोणी सांगितले होते की त्या लहान पाकिटात त्याच्या नातवाच्या हंगामाचे रक्षण आहे? बी विकणाऱ्याने नाही. दुकानदाराने नाही. कृषी सहायकाकडे इतकी गावे की तो दोन पावसांमध्येही पोचत नाही. शिवाय धोरणातच एक खोट होती. जगात बहुतेक ठिकाणी बीटी जनुक सरळ वाणांत घातले गेले. आपल्याकडे ते संकरित बियाण्यांत घातले गेले, कारण संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखे नसते. काहींत ते असते, काहींत नसते. एकाच बोंडात अळीला विष असलेली आणि नसलेली सरकी मिळाली की ती विषाला सरावत जाते. त्यात हे संकरित वाण सहा-सात महिने उभे राहणारे. झाड जसे म्हातारे होते तसे त्यातले विषही उतरते. अळीला शिकायला याहून चांगली शाळा कोणी बांधून दिली नसती.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने या चक्रातून बाहेर पडायची वाट दाखवली होती. ही संस्था 1976 पासून आपल्या दाराशी आहे. तिच्या कोईमतूर केंद्रात तयार झालेला ‘सुरज’ हा सरळ वाण विदर्भातल्या हलक्या जमिनीत अतिघन लागवडीसाठी तिने वापरून पाहिला. झाडे जवळ जवळ लावायची, प्रत्येकावर थोडी बोंडे घ्यायची, ती एकदम फुटली की वेचायची आणि अळीचा जोर वाढण्याआधीच रान मोकळे करायचे, अशी ती मांडणी. बी घरचे ठेवता येते. म्हणजे कुंभकोणमला पाण्याने वेळेची जी शिस्त लावली, तीच विदर्भात वाणाच्या निवडीतून लावता येते. तसेच नांदेड-परभणीकडे देशी कापसाच्या वाणांवर झालेले काम. देशी कापसाला पर्णगुच्छ विषाणूची बाधा होत नाही, आणि रसशोषक किडींना तो अमेरिकन कापसापेक्षा अधिक सोसतो. हे सगळे संशोधन शिवारात उतरायला हवे होते, पण त्याला विकणारा कोणी नव्हता, आणि आपण विकणाऱ्याचेच ऐकायची सवय लावून घेतली.

त्या सवयीने 2017 मध्ये जे केले ते कापसाच्या इतिहासात लिहून ठेवले पाहिजे. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापूस पुरुषभर उंच वाढला होता. हवा दमट, अळीची धास्ती मोठी. दोन-तीन औषधे एका पंपात मिसळून फवारणी चालली. फवारणारा डोक्याच्या वर नोझल धरून झाडांतून चालत होता आणि तेच औषध त्याच्या तोंडावर, श्वासात, अंगातल्या ओल्या सदऱ्यावर उतरत होते. शेकडो लोक रुग्णालयांत गेले, कित्येकांची दृष्टी अधू झाली आणि एकट्या यवतमाळ जिल्ह्यात 20 हून अधिक माणसे मेली. त्यांत शेतकरी होते, आणि दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारायला गेलेले मजूरही होते. यांतल्या अनेकांना औषधाचे नाव वाचता येत नव्हते. हातमोजे, चष्मा, तोंडावरचे आवरण यांतले काहीही त्यांना कोणी दिले नव्हते. आणि ज्या अळीसाठी हे चालले होते ती बऱ्याच अंशी बोंडात बुजून बसलेली होती, जिथे ते विष पोचणारच नव्हते. ज्याला विज्ञानाची साधी माहिती आहे आणि जो तरीही मजुराला उघड्या अंगाने विषात उभे करतो, त्याचे वागणे नुसते अज्ञान म्हणून सोडता येणार नाही. मालकाने मजुराला सुरक्षेची साधने दिल्याशिवाय पंप उचलू देऊ नये. ही नैतिक किमान मर्यादा आहे, तिच्यासाठी अनुदानाची वाट पाहायची गरज नाही.

फवारणी केव्हा करावी याचेही मोजमाप शास्त्राने दिले आहे. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ पतंग आले तर हालचाल करा. शेतातून वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडे फोडा, दोनांत जिवंत अळी दिसली तर पातळी ओलांडली. त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क, किडीच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामाची कार्डे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे. हे वाचून कोणाला वाटेल की यात विशेष काय. विशेष एवढेच की सापळा रोज सकाळी कोणीतरी बघावा लागतो आणि बोंड हातात घेऊन फोडावे लागते. औषधाची बाटली आणायला मात्र दुकानापर्यंतची एक खेप पुरते. आपण खेप निवडली.

निसर्ग आपल्या मदतीला किती तयार असतो याचे एक उदाहरण सांगावेसे वाटते. 2006-07 च्या सुमारास पिठ्या ढेकूण या परक्या किडीने गुजरात, पंजाब, महाराष्ट्रात कापूस पांढरा करून टाकला. औषधांचा मारा सुरू झाला, त्याच्या मेणकट आवरणापुढे बरीच औषधे फिकी पडली. मग 2008 च्या सुमारास संशोधकांना दिसले की एक अगदी बारीक गांधीलमाशीसारखा परोपजीवी कीटक त्या ढेकणांच्या अंगात अंडी घालतो आहे. तो आपोआप पसरला आणि दोन-तीन हंगामांत या किडीचा जोर ओसरला. जिथे फवारण्या कमी होत्या तिथे त्याला जगायला जागा होती. शेतात किडी खाणारे ढालकिडे, क्रायसोपा, कोळी दिसले की हात आवरता घ्यावा, ही समज पोरांना शाळेतच द्यायला हवी.

अख्ख्या गावाने मिळून केले तर काय होते, हेही आपल्याच मातीत सिद्ध झालेले आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माहूरकडच्या आष्टा गावात 1998 पासून एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा प्रयोग झाला, आणि तो एका शेतकऱ्याच्या प्लॉटवर नव्हता, गावच्या शिवारावर होता. बीजप्रक्रिया, कडेला मका-चवळीसारखी सोबतीची पिके, ट्रायकोग्रामा, विषाणूजन्य जैविक कीटकनाशक, निंबोळी, आणि गरज मोजून मगच फवारणी. फवारण्या घटल्या आणि खर्चही घटला. तरी आष्ट्याची कथा आपल्या प्रत्येक कापूस गावाची झाली नाही. प्रयोग संपला, अहवाल लिहिला गेला, आणि पुढच्या गावाला पुन्हा एकट्याने बाटली आणावी लागली. दुसरीकडे अमेरिकेने ऑक्टोबर 2018 मध्ये आपल्या मुख्य भूमीवरून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यांनी बीटी वापरले, पण त्यावरच विसंबले नाहीत. नपुंसक केलेले पतंग सोडले, गंधाने नर-मादीची भेट चुकवली, ठरल्या तारखेच्या आत प्रत्येकाने काड्या गाडल्या. उत्पादकांनी स्वतः त्या कार्यक्रमाला मान्यता दिली आणि त्यासाठी वर्गणीही भरली.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. भाव उशिरा सुधारतो. फरदडीतून चार-पाच क्विंटल मिळतात, तेवढ्यात लग्नाचे किंवा बँकेचे देणे भागते. पऱ्हाटी उपटायला मजुरी लागते आणि चूलही तिच्यावरच पेटते. शेजारी फरदड ठेवतो मग मी का नको? एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये, हे आपल्या म्हातारीकोतारी सांगत आल्या, पण नुसत्या म्हणीने कोणाचे देणे फिटत नाही. म्हणून हा प्रश्न एकट्याच्या सद्‌सद्विवेकावर सोडून चालणार नाही. गावाने पऱ्हाटी बारीक करणारे यंत्र सामायिक घ्यावे. शेवटच्या वेचणीनंतर धनगरांच्या मेंढ्या रानात बसू द्याव्यात, त्या उरलेली हिरवी बोंडे खातात आणि खतही देतात. सरपणाची पऱ्हाटी ज्याला ठेवायची त्याने उन्हाळ्याआधी किडकी बोंडे झोडून जाळावीत. फरदड ठेवणारा बहुधा ओलिताचा, म्हणजे थोडा सुखवस्तू शेतकरी असतो, आणि त्याच्या चार क्विंटलांची किंमत शेजारचा कोरडवाहू गरीब पुढच्या ऑगस्टमध्ये मोजतो. हे त्याला ग्रामसभेत तोंडावर सांगण्याचे धैर्य गावाने दाखवले पाहिजे.

असा सामूहिक निर्णय आपल्या स्वभावातच नाही, असे म्हणणाऱ्यांनी धुळे-नाशिककडची फड पद्धत आठवावी. पांझरा, मोसम या नद्यांच्या बंधाऱ्यांखाली शिवाराचे फड पाडले जात आणि कोणत्या फडात या वर्षी कोणते पीक घ्यायचे हे सगळे मिळून ठरवीत. आपल्या जमिनीत आपल्याला हवे ते पेरण्याचा हट्ट तिथे चालत नसे, कारण पाणी सर्वांचे होते. शतकानुशतके ते चालले. पाण्यासाठी जे जमले ते किडीसाठी का जमू नये? कीडही सर्वांचीच आहे.

कुंभकोणम हे काही स्वर्ग नाही, तेही सांगितले पाहिजे. तिथला कापूसही वळवाच्या पावसात बसतो, लिलावात भाव कोसळतो, आणि मावा-पांढरी माशी दिसली की तिथेही पंप खांद्यावर येतो. पण त्या गावाशी मराठी माणसाचे एक जुने नाते आहे, आणि ते केवळ तंजावरच्या भोसल्यांपुरते नाही. 1887 च्या डिसेंबरात मद्रासला न्यायमूर्ती रानडे यांच्यासह राष्ट्रीय सामाजिक परिषद उभी करणारे दिवाण बहादूर आर. रघुनाथराव हे कुंभकोणमच्याच मराठी घराण्यातले. विधवाविवाहाचे समर्थन त्यांनी शास्त्राधार देऊन केले. पण शास्त्र पटले तरी एकटे कुटुंब पुढे आले की त्याच्यावर बहिष्कार पडतो, हे त्यांना दिसत होते. म्हणून लेख-व्याख्यानांबरोबर त्यांनी परिषद भरवली, माणसे एकत्र आणली, सगळ्यांनी मिळून पाऊल टाकायचा मार्ग शोधला. आजच्या कापूस उत्पादकाची अडचण नेमकी तीच आहे. फरदड वाईट हे त्याला पटलेले आहे. एकट्याने सोडली तर आपणच बुडू, ही त्याची भीती आहे, आणि ती भीती एकट्याला उपदेश करून जात नाही.

महाराष्ट्रात सुमारे 40 लाख हेक्टरांवर कापूस उभा असतो. सरकारने मधल्या काही हंगामांत 1 जूनपूर्वी बियाणे विकू नये असे सांगितले, हे योग्य पाऊल होते. पण हंगामाचे दुसरे टोक, म्हणजे रान मोकळे करण्याची तारीख, अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. ती तारीख गावाने ठरवावी. कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक गावाच्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या: पऱ्हाटी कोणत्या दिवसापर्यंत निघणार, यंत्राचे भाडे कोण देणार, जिनिंगच्या आवारात सापळे कोण बसवणार, फवारणाऱ्या मजुराला साधने न देणाऱ्याचे काय करणार. ठराव लिहा, वाचून दाखवा, सगळ्यांच्या सह्या घ्या. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला त्याची प्रत द्या आणि त्यांचा माणूस त्या तारखेला शिवारात बोलवा.